मास्तरांच्या व्याख्यानाला गर्दी

मास्तर कधीच मास्तर नव्हते. त्यांचा सगळा जन्म विम्याच्या कचेरीत गेला. पण लिफ्ट बंद असल्याची इंग्रजी सूचना कुणीतरी लावली होती, ती त्यांनी येता-जाता लाल पेन्सिलीने दुरुस्त केली आणि खाली दहापैकी चार गुण दिले, त्या दिवसापासून इमारतीने त्यांना मास्तर करून टाकलं. लिफ्ट पुढेही बरेच महिने बंदच होती, पण निदान ती शुद्ध भाषेत बंद होती.

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकाकडे लक्ष देतात. मास्तरांना बाग नव्हती आणि सूनही नव्हती. त्यांनी शब्द धरले. कुठला इंग्रजी शब्द कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता, मग तो कसा बिघडला, हे ते एखाद्या वाया गेलेल्या पुतण्याबद्दल बोलावं तसं बोलत. मागल्या गल्लीतल्या वाचनालयाच्या सभागृहात, महिन्यातल्या एका शनिवारी, ते त्यावर व्याख्यान देत. व्याख्यान म्हणजे व्यासपीठ, टेबल, पाण्याचा पेला, माईक, सगळं असायचं. फक्त समोर कोणी नसायचं.

अगदीच कोणी नसायचं असं म्हणणं अन्यायाचं होईल. गेल्या खेपेला तिघं होती. एक ग्रंथपाल, कारण किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. एक गृहस्थ, जे व्याख्यानाच्या आधीपासूनच मागच्या खुर्चीत झोपले होते. आणि तिसऱ्या वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको. अख्खी इमारत त्यांना वहिनी म्हणायची, अगदी त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. व्याख्यान रंगात आलं असताना झोपलेले गृहस्थ जागे झाले आणि मास्तरांना जरा हळू बोलण्याची विनंती करून पुन्हा झोपले.

त्या दिवशी घरी आल्यावर मास्तरांनी कागद पलंगाखालच्या पेटीत टाकले. पुढचं एक कबूल केलंय तेवढं देतो आणि मग बास, असं ते पेटीलाच सांगितल्यासारखं म्हणाले. रात्री आमटीत मीठ नव्हतं. वहिनींच्या ते पहिल्या घासालाच लक्षात आलं. मास्तर मात्र ताट संपवून हात धुवायला गेले आणि मिठाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत, तेव्हा कुठे वहिनींना प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. छत्तीस गुण जुळवून केलेल्या संसारात मीठ कमी पडलं आणि मास्तर गप्प बसले, असं कधी झालं नव्हतं.

वहिनींनी मनाशी ठरवलं की हे शेवटचं व्याख्यान भरल्या सभागृहात झालं पाहिजे. एकदाच. मग खुशाल पेटीत टाका.

विषय होता ‘मॉब’. म्हणजे जमाव, झुंड. गर्दीवर व्याख्यान आणि गर्दीच नाही, हे वहिनींना फारच लागलं. लग्नाच्या वाढप्याने उपाशी झोपावं तसं.

त्यांनी शेजाऱ्यांचा सल्ला घेतला. शेजाऱ्यांचा सल्ला घेऊ नये हे त्यांना ठाऊक होतं, पण न घेता मिळणाऱ्या सल्ल्यापेक्षा मागून घेतलेला बरा, निदान वेळ आपण ठरवतो. समोरच्या आत्यांनी सांगितलं की चहाबरोबर काहीतरी तळलेलं ठेवा, माणूस अर्थासाठी येत नाही पण वासासाठी येतो. सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की प्रमुख पाहुणा हवा. पाहुणा महत्त्वाचा नसतो, पण त्याच्याबरोबर त्याचे नातेवाईक येतात. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी विषयच बदला म्हणून सुचवलं, ‘हिरड्यांची निगा’ ठेवा, बोलायला हवं तर ते स्वतः तयार होते. आणि या तिघांपैकी येणार कोण, असं वहिनींनी विचारलं तेव्हा त्या शनिवारी आत्यांना झोप होती, सेक्रेटरींना टाकी धुवायची होती आणि डॉक्टरांना काय होतं ते त्यांना आठवून सांगायचं होतं.

वहिनी आत्यांकडून उठल्या आणि उठता उठता त्यांनी बसायचं स्टूल बाजूला सरकवलं. ते कलंडलं. खाली ठसठशीत काळ्या रंगात आत्यांच्या घराचा नंबर. आणि वहिनींच्या डोक्यात उजेड पडला.

इथे खुर्चीकांड सांगणं भाग आहे. काही वर्षांपूर्वी सेक्रेटरींच्या नातवाच्या वाढदिवसाला घराघरांतून खुर्च्या गोळा केल्या होत्या. आत्यांची नवीकोरी खुर्ची गेली तेव्हा चार पायांची होती. परत आली तीही चार पायांचीच, पण त्यातला एक पाय दुसऱ्याच कुणाचा तरी होता. तो कुणाचा यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, एकाने गच्चीत कपडे वाळत घालणं सोडलं, आणि शेवटी सर्वसाधारण सभेत ठराव झाला: खुर्चीच्या बुडाला घराचा नंबर घालायचा, खुर्ची जाईल तिथे मालक जाईल, आणि खुर्ची परत निघेपर्यंत तिच्यावरून उठणार नाही. इमारतीत पाण्याबद्दल, वाहनांबद्दल, कचऱ्याबद्दल कितीतरी ठराव झाले, त्यातला पाळला गेला तो हा एकच. तेव्हापासून कुणाच्याही कार्यक्रमाला माणसं नुसती येत नाहीत, ठाण मांडून बसतात. ऐकायला नव्हे, राखायला. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी बासरी हातात घेतल्यावर महिन्याभरात जाहीर कार्यक्रम केला होता. तोसुद्धा भरगच्च झाला आणि शेवटपर्यंत एक माणूस हलला नाही. ज्याने ती बासरी ऐकली आहे त्यालाच याचं मोल कळेल.

तेव्हा माणसं मागायचीच नाहीत. खुर्च्या मागायच्या.

आता अडचण एवढीच, की वाचनालयाला स्वतःच्या खुर्च्या होत्या. चांगल्या लाकडी, ओळीने मांडलेल्या. वहिनी बुधवारी दुपारी वाचनालयात गेल्या, पाककृतींचं मासिक घेऊन बसल्या आणि थोड्या वेळाने कोपर खाजवू लागल्या. वहिनी आयुष्यात मोठं खोटं कधी बोलल्या नव्हत्या. ‘मी मघाशीच जेवले’ यापुढे त्यांची मजल गेली नव्हती. आताही त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी ग्रंथपालांना फक्त विचारलं, इथे पूर्वी कधी ढेकूण झाले होते का हो?

ग्रंथपाल पुस्तकावर धूळ बसली तरी जिवाला लावून घेणारा माणूस. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला तो पाहून वहिनींनाच पाप केल्यासारखं झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या खुर्च्या आतल्या खोलीत कुलूपबंद झाल्या आणि दारावर पाटी लागली: ‘ढेकणांच्या संशयामुळे खुर्च्या बंद आहेत’. तिच्या शेजारीच मास्तरांच्या व्याख्यानाची पाटी होती. दोन्ही एकाच अक्षरात, एकाच शाईत. येणाऱ्या-जाणाऱ्याला व्याख्यान ढेकणांवर आहे असं वाटलं तर त्याचा काय दोष.

आणि मग ग्रंथपालांनी बॉम्ब टाकला. खुर्च्या नाहीत, तर व्याख्यानही नाही. वहिनी म्हणाल्या, खुर्च्या आम्ही आणू. ग्रंथपाल म्हणाले, बाहेरचं फर्निचर आत आणायला समितीची मंजुरी लागते. समितीत तिघं, पैकी एक लेकीकडे परदेशी, दुसऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि तिसरे त्या दोघांशिवाय सही करत नाहीत, कारण एकदा केली होती. वहिनी रडकुंडीला आल्या. ते बघून ग्रंथपालांनी कपाटातून नियमावली काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. नियमाबाहेर जायचं त्यांच्या रक्तात नव्हतं, पण नियमाच्या आत शोधाशोध करायला ते एका पायावर तयार असत. अखेर त्यांना सापडलं. येणाऱ्याला वैयक्तिक वापराची वस्तू आत आणता येते. एक जुने सभासद मूळव्याधीमुळे स्वतःची उशी आणत, ती चालली होती. मग खुर्ची का नाही? मात्र ती ज्याची त्याने स्वतः आणली पाहिजे, स्वतः वापरली पाहिजे आणि स्वतः परत नेली पाहिजे.

वहिनींना वाटलं, आपण देवाकडे मागितलं असतं तरी त्याला इतकं नेमकं सुचलं नसतं.

खुर्च्या पटापट कबूल झाल्या. खुर्चीला कोणी नाही म्हणत नाही, ते कंजूसपणाचं दिसतं. पण शुक्रवारी ढेकणांची पाटी इमारतीत पोचली. पाटी गल्लीत होती, इमारतीत पोचेपर्यंत ढेकूण वाटाण्याएवढे झाले होते. आता माघार घ्यावी तर वहिनींपुढे शोभत नाही, आणि जावं तर घरात ढेकूण येतात. माणसांनी मधला मार्ग काढला. शनिवारी जो तो आपली खुर्ची पांढऱ्या चादरीत गुंडाळून, पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून निघाला. आत्यांनी वर पावडर फवारली होती. दातांचे डॉक्टर मास्क आणि हातमोजे घालून आले.

मास्तर आधीच जाऊन व्यासपीठावर बसले होते. दारातून एकामागून एक माणसं आत येताना पाहून ते उभे राहिले. मग बसले. मग पुन्हा उभे राहून त्यांनी कॉलर नीट केली. वहिनी पाण्याचा पेला ठेवायला वर गेल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, “बघ. लोकांना शब्दांची ओढ असते गं शेवटी. मीच उगाच नाही नाही ते बोललो.”

वहिनींनी पेला टेबलावर ठेवला. त्या खाली उतरल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचीही खुर्ची होती, मास्तरांची पेपर वाचायची वेताची, पण तिच्यात बसायचा धीर त्यांना झाला नाही.

व्याख्यान सुरू झालं आणि खरं सांगायचं तर चांगलं सुरू झालं. मास्तर म्हणाले की तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द जन्माला आला, आणि आला तेव्हा तो असा टीचभर नव्हता. चांगलं लांबलचक लॅटिन नाव होतं त्याचं, मोबिले वल्गुस. वल्गुस म्हणजे सामान्य माणसं, तुम्हीआम्ही. आणि मोबिले म्हणजे हलणारं, एका जागी न ठरणारं. तुमच्या खिशातला फोन त्याच घराण्यातला. चंचल लोक, आज इकडे, उद्या तिकडे.

इथवर आले आणि तिसऱ्या ओळीत हालचाल झाली.

झालं होतं असं, की पांढऱ्या चादरीखाली सगळ्या खुर्च्या सारख्याच दिसत होत्या. डॉक्टरांना शंका आली की आपण बसलोय ती आपली नाही, ही फारच आरामशीर आहे. त्यांनी आत्यांना उठायला सांगितलं. आत्यांनी खुर्चीकांड अनुभवलेलं; त्या म्हणाल्या, आधी तुम्ही उठा. नंबर खाली असल्यामुळे खुर्ची उलटी केल्याशिवाय निकाल लागेना. एक उलटी झालेली बघून शेजारच्यालाही आपली बघावीशी वाटली, आणि बघता बघता सगळं सभागृह वाकून खुर्च्या उलट्या करत होतं. मास्तरांना वाटलं उकडत असेल. त्यांनी ग्रंथपालांना पंखा वाढवायला सांगितलं.

पंख्याच्या वाऱ्याने आत्यांची चादर उडाली आणि तिच्यातून काहीतरी तपकिरी, चपटं, खाली पडलं. ते काय होतं याचा पुढे पुष्कळ खल झाला. बटण असावं. डॉक्टर खाली वाकले, बारकाईने पाहिलं आणि रोग्याला दात काढावा लागेल असं सांगतात त्याच शांत आवाजात म्हणाले, “हलतंय.”

त्यानंतर जे झालं ते धावपळ नव्हती, कारण धावायला जागाच नव्हती. सगळे उठले, सगळ्यांनी आपापली, निदान हाताला लागेल ती, खुर्ची डोक्यावर घेतली आणि सगळे एका दाराकडे निघाले. ते सेक्रेटरींपाशी अडलं, कारण सेक्रेटरींचं डोकं त्यांच्याच खुर्चीच्या हातात अडकून ते दाराच्या चौकटीत आडवे बसले होते. मागून रेटा सुरूच होता. मास्तर माईकमधून सांगत होते की मित्रहो, एक मिनिट, हेच ते, आपण ज्याबद्दल बोलतोय ते नेमकं हेच. पण ऐकतंय कोण. ग्रंथपाल एका हाताने घंटा वाजवत होते आणि दुसऱ्या हाताने मासिकांचा स्टँड पोटाशी धरून उभे होते.

या सगळ्यात आत्या वहिनींसमोर येऊन थांबल्या. पुढे सेक्रेटरी अडकलेले, त्यामुळे बोलायला भरपूर वेळ होता.

“वहिनी, तुम्ही खुर्ची मागितलीत म्हणून आलो हो आम्ही. नाहीतर शनिवारची झोप मोडून शब्द ऐकायला कोण येतंय?”

नेमक्या त्याच क्षणी घंटा थांबली होती. वाक्य सगळ्या सभागृहात स्वच्छ ऐकू गेलं.

वहिनींनी व्यासपीठाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. मास्तरांनी माईक बंद केला. कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, घडी घातली. घाई नाही, राग नाही. विम्याच्या कचेरीत शेवटच्या दिवशी त्यांनी खण असाच रिकामा केला होता. ते पेल्यातलं पाणी प्यायले, खाली उतरले आणि सेक्रेटरींना सोडवायला गेले, कारण बाहेर जायचा रस्ता तोच होता.

सेक्रेटरींची मान खुर्चीत आणि तोंड सभागृहाकडे. मास्तर एका बाजूने खुर्ची फिरवत होते, डॉक्टर दुसऱ्या बाजूने डोकं. दातांच्या माणसाला ओढण्याची सवय. अशा अवस्थेत माणूस काय बोलणार? पण सेक्रेटरींना मघापासून ऐकण्याखेरीज दुसरा उद्योगच नव्हता आणि अर्धवट राहिलेली गोष्ट त्यांना सहन होत नसे, मग ती सभेची विषयपत्रिका असो की आणखी काही.

“मास्तर,” ते खुर्चीतून म्हणाले, “नाव लांबलचक होतं म्हणालात. मग तोडलं कुणी?”

मास्तरांचे हात थांबले.

“काय?”

“ते मोबिले का काय ते. त्याचं मॉब कुणी केलं?”

मास्तरांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा हातातल्या घडीकडे. आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलेल्या माणसाला ते उत्तर येत असलं की त्याचं जे होतं ते त्यांचं झालं. ते म्हणाले, लोकांनीच. लांब नाव म्हणत बसायला कुणाला वेळ आहे? आधी वल्गुस गाळलं, मग मोबिलेची शेपटी तोडली. विद्वान लोक फार चिडले होते तेव्हा. शब्द असे अर्धेमुर्धे वापरणं म्हणजे भाषेचा खून, असं लिहीत होते. एवढ्यात सेक्रेटरी बाटलीच्या बुचासारखे सुटले आणि त्यांच्यामागची सगळी माणसं रस्त्यावर सांडली.

रस्त्यावर मास्तर थांबले नसते. पण मागून कुणीतरी विचारलं, मग विद्वानांचं चाललं का? ते उत्तर देईपर्यंत आत्यांनी, ज्यांना झोप होती त्याच आत्यांनी, पुढच्यांना हळू चाला म्हणून दटावलं, कारण मागे ऐकू येत नव्हतं. ज्याच्या त्याच्या डोक्यावर खुर्ची, चादरी मागे फडफडतायत, पायांच्या पिशव्या सळसळतायत, आणि मधोमध मास्तर, रिकाम्या हाताने शब्दाच्या शेपट्या तोडून दाखवताहेत. ग्रंथपालही कुलूप लावून घंटेसकट मागून आले. कागदांची घडी मास्तरांनी कधी खिशात घातली ते कुणी पाहिलं नाही.

चौकात पोलिसाने शिट्टी मारली.

मोर्चा कुणाचा, परवानगी कुठाय, म्होरक्या कोण, असं त्याने विचारलं. म्होरक्या कोण या प्रश्नावर सगळ्यांनी मास्तरांकडे बोट दाखवलं. वहिनी हातातली पिशवी सावरत पुढे झाल्या आणि पोलिसाला बाजूला घेऊन गेल्या. रस्ता अडवू नका, फुटपाथवर व्हा, असा हुकूम सुटला. तेव्हा सगळ्यांनी फुटपाथवर ओळीने खुर्च्या मांडल्या आणि बसून घेतलं. कोणी नंबर बघितला नाही.

पोलिसाला मागणी काय आहे ते हवं होतं. वहिनी म्हणाल्या, मागणी काही नाही. मग निषेध? निषेधही नाही. चादरी का? ढेकूण. कुणाचे ढेकूण? इथे वहिनी जरा अडखळल्या. पोलीस म्हणाला की बाई, एवढी माणसं खुर्च्या घेऊन रस्त्यावर येतात आणि मागणी नाही, हे मी वर काय सांगू? वहिनी काकुळतीला येऊन म्हणाल्या, “एका शब्दाचा अर्थ सांगताहेत हो. संपतच आलाय.”

बराच वेळ त्यांची अशी जुंपली होती. मागे एकदा हसण्याचा मोठा आवाज आला. मग सगळे गप्प झाले, इतके की सिग्नलला थांबलेल्या गाड्यांची घरघर ऐकू येऊ लागली. आणि मग टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. पोलिसानेही वहिनींच्या डोक्यावरून मान उंच करून पाहिलं. वहिनी वळल्या तोवर माणसं उठून खुर्च्या उचलत होती. शेवट काय झाला, हे सगळ्या जगाला कळलं होतं. नाही कळलं ते वहिनींना.

घरी त्या मास्तरांच्या आधी पोचल्या. मीठ दोनदा चाखून त्यांनी आमटी केली. मास्तर जिना चढून वर आले ते डोक्यावर वेताची खुर्ची घेऊन. ती वाचनालयात राहिली हे वहिनींच्या ध्यानातही नव्हतं; मास्तर ग्रंथपालांबरोबर परत जाऊन ती घेऊन आले होते.

मास्तरांनी खुर्ची खोलीच्या मध्यभागी ठेवली, चादर काढून तिची घडी केली आणि म्हणाले, “त्या वाचनालयात मी इतकी वर्षं बसतोय. मला एकदाही चावला नाही. तुला पहिल्याच दिवशी चावला.”

वहिनी ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“मी खोटं नाही बोलले. नुसतं विचारलं.”

“हो. ग्रंथपाल येताना सांगत होते, वहिनींनी किती काळजीने विचारलं म्हणून.” त्यांनी खुर्चीचं तोंड ओट्याकडे फिरवलं. “बस ये. आज सगळे बसले, तू नाही बसलीस.”

“आमटी उतू जाईल.”

“गॅस बंद कर. शेवट ऐकायचा राहिलाय तुझा.”

वहिनींनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि खुर्चीत बसल्या. मास्तर समोर उभे राहिले. खिशातून कागद काढले, शेवटचं पान वर घेतलं आणि ते उलटं करून टेबलावर ठेवून दिलं. म्हणाले, इथे मी एक लिहून ठेवलं होतं, लोकांना अर्थाची चाड नसते वगैरे. ते नाही वाचलं. रस्त्यात दुसरंच सुचलं. मग त्यांनी घसा साफ केला.

“मित्रहो,” ते म्हणाले. सवय.

त्यांनी सांगितलं की हा शब्द ज्यांनी काढला ते वरच्या मजल्यावर खिडकीत उभे होते. खाली चाललेली माणसं त्यांना हलताना दिसली, म्हणून त्यांनी नाव ठेवलं, हलणारे. खालच्यांना कुणी विचारलं नाही. खालच्या एकेकाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी कुठला मॉब, मी आपला खुर्ची घेऊन घरी चाललोय. त्यांचा हात हवेत फिरत होता, आवाज चौकात असावा तसा चढला होता, आणि समोर कुणी आहे की नाही हे बघायची त्यांना गरज उरली नव्हती.

एवढ्यात वहिनींना मांडीच्या मागे, वेताच्या विणीपाशी, काहीतरी कचकन चावलं.

चावलं ते नुसतं विचारण्यापुरतं नव्हतं. थोडं सरकून पुन्हा चावलं. मास्तर आता शेवटच्या वाक्याशी आले होते आणि ते नेहमीप्रमाणे लांब होतं. वहिनींनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले, चेहऱ्यावर ऐकणाऱ्या माणसाचा भाव ठेवला, आणि टाळ्या वाजवायची वेळ येईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.